मधल्या वर्षांचे भाडे

नागपुरात घर ‘भाड्याने’ कमी आणि ‘किरायाने’ अधिक दिले जाते, आणि ते परत ताब्यात घेण्याला ‘खाली करून घेणे’ म्हणतात. या दोन क्रियांच्या मध्ये किती वर्षे जातात, यावर या शहरातल्या जुन्या वस्त्यांचे आजचे रूप ठरले आहे. महाल, इतवारी किंवा सीताबर्डीच्या आतल्या गल्ल्यांतून जाताना एखाद्या लाकडी माडीच्या इमारतीच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला दिसतो. तळमजल्यावरचे एक दुकान जोरात चालू असते, शेजारच्या गाळ्याचे शटर गंजून जागीच बसलेले असते, आणि वरच्या मजल्यावर कोणी राहते की नाही हे रस्त्यावरून कळत नाही. चौकशी केली तर बहुधा एकच उत्तर मिळते: ‘केस चालू आहे.’

घरमालक आणि भाडेकरू यांच्या वादाची चर्चा आपल्याकडे ‘कायदा कोणाच्या बाजूचा’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. मालकांच्या मते तो भाडेकरूंनी मालमत्ता गिळण्यासाठी केलेला आहे, तर भाडेकरूंच्या मते पैसेवाल्या मालकाला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या बिल्डरला तो कधीच अडवत नाही. माझे मत असे आहे की, घर खाली करून घेण्याची जी कारणे कायद्याने मान्य केली आहेत ती बहुतांशी वाजवी आहेत. नोटीस दिल्यापासून प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत किंवा दावा फेटाळला जाईपर्यंत जी वर्षे जातात त्यांची किंमत मात्र कायद्याने कोणावरच नीट बसवलेली नाही, आणि म्हणून ज्याला उशीर परवडतो तो उशीर करतो. कधी तो भाडेकरू असतो, कधी मालक.

या दोन्ही बाजू मी घरातच पाहिल्या आहेत. आजोबा महालातल्या एका वाड्यात आयुष्यभर भाडेकरू होते आणि वडिलांनी पुढे नंदनवनात घर बांधून त्याचा वरचा मजला किरायाने दिला. आजोबांची मालकाबद्दलची आणि वडिलांची भाडेकरूबद्दलची तक्रार जवळजवळ शब्दशः एकच होती: ‘तो नुसता वेळ काढतो आहे.’

विदर्भात या वेळ काढण्याला जुना इतिहास आहे. मुंबईत 1947 चा भाडे कायदा होता, मराठवाड्यात हैदराबादचा 1954 चा कायदा होता, आणि आपल्याकडे मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरे भाड्याने देण्याविषयीचा आदेश लागू होता. तो निघाला तेव्हा नागपूर राजधानी होते. युद्धानंतरची घरटंचाई होती, सरकारी नोकरांना घरे हवी होती आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या शहराच्या कडेला उभ्या राहत होत्या. अशा वेळी भाडेकरूला मालकाच्या लहरीवर सोडता येणार नव्हते, म्हणून त्या आदेशाने मालकाच्या वाटेत एक दार उभे केले. भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्याआधीच मालकाने भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यायची. तीन महिन्यांचे भाडे थकले, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःसाठी जागेची गरज आहे, अशा ठरावीक कारणांवरच ती मिळे आणि तिच्यावर अपीलही होई. परवानगी टिकली तर नोटीस, नोटिशीनंतर दिवाणी दावा, दाव्यानंतर पहिले अपील, मग दुसरे अपील. म्हणजे तेच भांडण, तेच पुरावे आणि तेच पक्षकार दोन वेगवेगळ्या जिन्यांनी वर चढत. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. राज्य दोनदा बदलले तरी हा आदेश मात्र 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात येईपर्यंत कायम राहिला. नियंत्रकाकडचा अर्ज आजोबांनी करायचा, दावा वडिलांनी चालवायचा आणि ताबा नातवाने घ्यायचा, असा हिशेब इतवारीतल्या मालक मंडळींच्या तोंडी विनोद म्हणून ऐकू येई. ऐकणारे फारसे हसत नसत.

नव्या कायद्याने परवानगीचा जिना काढून टाकला. आता नागपुरात दावा थेट लघुवाद न्यायालयात दाखल होतो, जिल्हा न्यायालयात एक अपील मिळते, आणि त्यापुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी राहते. कारणांची चौकट पाहिली तर ती असमतोल म्हणता येणार नाही. भाडे थकले म्हणून लगेच दावा करता येत नाही. लेखी मागणीनंतर नव्वद दिवस थांबावे लागते. समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला आणखी नव्वद दिवसांची संधी असते, आणि त्या मुदतीत त्याने थकबाकी 15 टक्के सरळ व्याज आणि खर्चासह न्यायालयात भरली तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. मालकाला स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी जागा हवी असेल तर गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे हे सिद्ध करावे लागते. ती सिद्ध झाली तरी ताबा देण्याने आणि न देण्याने जास्त अडचण कोणाची होईल, हे न्यायालयाने तोलून पाहायचे असते. जागा ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी सहा महिने सलग वापरलीच नाही आणि त्याला सबळ कारणही नसेल तर भाडेकरूचा हक्क जातो. हे सगळे नियम कागदावर वाचताना तटस्थ माणसाला त्यात फारसे खटकण्यासारखे दिसणार नाही.

खटकते ते गणित. कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ घेण्याचा हक्क दिला आहे. समजा, 2000 साली इतवारीतल्या एका दुकानाचे भाडे महिना चाळीस रुपये होते. दरवर्षीची वाढ वाढलेल्या भाड्यावर धरली तरी पंचवीस वर्षांनी ते एकशेसात रुपयांच्या आसपास पोहोचते. एवढ्यात चार जणांचा तर्री-पोहे आणि चहाचा नाश्ता होत नाही. मूळ रक्कमच जेव्हा जुन्या काळात गोठलेली असते तेव्हा टक्केवारीच्या वाढीला अर्थ राहत नाही. मुंबईच्या जुन्या कायद्याने भाडे 1940 च्या पातळीवर बांधून ठेवले होते; त्या तरतुदी काळाच्या ओघात वाजवी उरलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्येच म्हटले होते, आणि नवा कायदा होण्यामागे त्या निकालाचा रेटा होता. तरीही जुन्या भाडेकरूंपुरते ते गोठलेपण चार टक्क्यांच्या वेष्टनात तसेच पुढे आले.

आता या दुकानदाराच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे स्वतःला विचारून पाहावे. शेजारचा नवा गाळा काही हजारांत जातो आणि आपण शंभर रुपये देतो. दावा हरलो तरी अपील आहे, अपील हरलो तरी खंडपीठ आहे, आणि निदान पहिला हुकूम होईपर्यंत देणे तेच शंभर. इथे वकिलाची फी हा खर्च राहत नाही, ती गुंतवणूक होते. त्यामुळे खोटा बचाव घ्यायचीही गरज पडत नाही. केवळ साक्षीदार आजारी असणे पुरते. धान्याचा व्यापार कळमन्याला गेल्यावरही इतवारीतला गाळा ‘राहू द्या’ म्हणून कुलूप लावून ठेवणारा माणूस नीतीने वाईट असतो असे नाही. व्यवस्थेने त्याच्यापुढे जो भाव ठेवला त्या भावात तो सौदा करतो आहे.

मालकाचे गणितही याच पाटीवर मांडलेले असते. त्याला शंभर रुपये मिळतात म्हणून तो छपराची कौले बदलत नाही. कायदा त्याच्यावर दुरुस्तीची जबाबदारी टाकतो. त्याने ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही देतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात वर्षाला तीन-साडेतीनशे रुपये. इतक्यात गवंडी एक दिवसही येणार नाही. मग मालक वाट पाहतो. तो भाडे घेणे बंद करतो, म्हणजे उद्या थकबाकी दाखवता येईल. भाडेकरू मनिऑर्डर करतो आणि ती ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत येते. आजोबांच्या ट्रंकेत अशा परत आलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता, आणि घरातल्या दागिन्यांपेक्षा त्याची काळजी जास्त घेतली जाई.

यापेक्षा क्रूर मार्गही आहेत. पाणी आणि वीज तोडणे हा गुन्हा आहे, आणि न्यायालय पुरवठा पूर्ववत करण्याचा हुकूम देऊ शकते. पण नागपुरात नवतपाच्या दिवसांत पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना कूलर बंद पडलेल्या माडीवर एखादे म्हातारे जोडपे हुकूम हाती येईपर्यंत किती दिवस काढील? तिथे तारीख पडण्याच्या आधीच निकाल लागलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, ताबा कोणाला मिळावा याच्या कारणांची यादी पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा दावा चालू असतानाच्या काळाचे भाडे किती आणि ते कोणी कुठे भरायचे, हे आधी ठरवावे. याचे बीज आपल्या कायद्यात आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली दिल्लीतल्या एका प्रकरणात, जिथे भाडे महिना 371 रुपये 90 पैसे होते, तिथे बेदखलीच्या हुकुमाला अपिलात स्थगिती हवी असेल तर भाडेकरूने महिना 15,000 रुपये भरावेत, ही अट योग्य ठरवली. एकदा हुकूम झाला की जुन्या भाड्याचे कवच संपते आणि पुढचा काळ बाजारभावाने मोजायचा, असा त्या निकालाचा अर्थ. 2009 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे तत्त्व पुन्हा मान्य झाले आणि त्यातला भाडेकरू होता खुद्द राज्य सरकार! दाव्याच्या काळापुरता आपल्या राज्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 15-अ आहे: न्यायालयाने सांगितलेले भाडे दरमहा भरले नाही तर भाडेकरूचा बचाव काढून टाकता येतो. पण तिथे भरायचे ते दाव्यात मागितलेले भाडे, म्हणजे पुन्हा तेच शंभर रुपये. दावा ते हुकूम हा सर्वांत लांबचा टप्पा अशा रीतीने स्वस्तच राहतो.

हा टप्पा महाग करावा, निदान व्यापारी जागांपुरता तरी. मुद्दे निश्चित झाले की न्यायालयाने त्या गल्लीतला चालू दर पाहून एक रक्कम ठरवावी. भाडेकरूने जुने भाडे मालकाला द्यावे आणि वरचा फरक न्यायालयात जमा करावा. मालक जिंकला तर फरक त्याला मिळेल, हरला तर व्याजासह भाडेकरूला परत जाईल. मालकाने किंवा त्याच्या वकिलाने ज्या तारखेला मुदत मागितली असेल त्या तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंतचा फरक मोजायचा नाही, म्हणजे उशीर त्यालाही फुकट पडणार नाही. पैसा निकालापर्यंत कोणाच्याच खिशात जात नसल्यामुळे केवळ रक्कम उकळण्यासाठी दावा करण्याचा मोहही राहणार नाही.

यावर जो आक्षेप येईल तो गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. सगळे जुने भाडेकरू दुकानदार नाहीत. महालातल्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत निवृत्तिवेतनावर राहणारी विधवा, शिवणकामावर घर चालवणारी बाई, पहाटे उठून भाजी आणायला जाणारा हातगाडीवाला हेही त्याच कायद्याच्या छायेत आहेत. त्यांना बाजारभावाचा फरक भरायला सांगणे म्हणजे दावा ऐकण्याआधीच घराबाहेर काढणे होईल. म्हणून राहत्या घरांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नये, असे मलाही वाटते. तिथे रक्कम उत्पन्न पाहून ठरावी, आणि काही घरांत ती शून्य असावी. पण हे मान्य करताना दुसरी गोष्टही मान्य करावी लागते. त्या विधवेला स्वस्त घर देण्याची जबाबदारी समाजाची आणि सरकारची आहे. ती एका विशिष्ट घरमालकावर, जो कदाचित तिच्याइतकाच म्हातारा आणि त्याच वाड्याच्या पुढच्या भागात गळक्या छपराखाली राहणारा असेल, पिढ्यान्‌पिढ्या टाकून आपण मोकळे झालो आहोत. भाडे कायदा गरिबांचे रक्षण करतो असे आपण समजतो. तो प्रत्यक्षात जुन्यांचे रक्षण करतो. जुन्यांत गरीब आहेत आणि सराफही आहेत, आणि कायद्याला त्यांच्यातला फरक दिसत नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या अशा काही मोठ्या भाडेकरूंना तेवढे त्याने बाहेर ठेवले आहे.

जुन्यांच्या या रक्षणाची किंमत नव्यांनी चुकवली आहे. एकदा भाडेकरू घेतला की तो निघत नाही, ही धास्ती बसल्यामुळे शहराने ‘भाडेकरू’ हा शब्दच टाकून दिला आणि लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार धरला. मनीषनगर, बेसा, हिंगण्याच्या रस्त्यावरचे फ्लॅट, मिहानमध्ये नोकरीला आलेली तरुण मंडळी, परीक्षांच्या तयारीसाठी खोली घेऊन राहणारी भंडारा-गडचिरोलीची मुले, हे सगळे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीत, परवानाधारक आहेत. मुदत संपली की मालक या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. समोरच्याला लढायचे असेल तर आधी लढण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्काने नुकसानभरपाई द्यावी लागते. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, महालातला दुकानदार तीन पिढ्या हलत नाही आणि बेशातला अभियंता दरवर्षी सामान बांधतो. ज्याच्यासाठी उशीर स्वस्त आहे त्याला संपूर्ण संरक्षण आणि ज्याच्यासाठी उशीर दुप्पट महाग आहे त्याला काहीच नाही.

त्यातही अकरा महिन्यांच्या आकड्यामागचा समज बराचसा जुना आहे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते म्हणून लोक अकरावर थांबू लागले. परंतु राज्याच्या भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत मालक ते खोटे ठरवत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे माहीत नसलेले मालक मुद्रांक कागदावर टाइप केलेला मजकूर नोटरीकडून शिक्का मारून घेतात आणि निर्धास्त होतात. स्वतःला सर्वांत हुशार समजणारा पक्षच इथे स्वतःचा पाय कापून घेतो, आणि घर सोडताना डिपॉझिट परत मिळवण्यासाठी रखडणाऱ्या मुलाच्या हाती धड कागद नसतो, ही त्याची दुसरी बाजू.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात डिपॉझिट राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले आहे आणि वादांसाठी वेगळे भाडे न्यायालय व मुदतीत निकालाची कल्पना आहे. देशातल्या शहरांत 2011 च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती, हे त्यामागचे एक कारण. घर रिकामे ठेवणे भाडेकरू ठेवण्यापेक्षा सुरक्षित वाटावे, ही अवस्था कोणत्याही धोरणाचे अपयशच म्हणावे लागेल. मात्र तो नमुना पुढच्या करारांसाठी आहे. जुन्या वस्त्यांतल्या चालू दाव्यांना त्याचा उपयोग नाही.

त्या वस्त्यांत अलीकडे तिसरी वाट रुळली आहे आणि ती मला सर्वांत धोक्याची वाटते. दावा चालवण्याऐवजी इमारत धोकादायक ठरवून घ्यायची. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटीस निघते, पावसाळ्याच्या तोंडावर इमारत उतरवली जाते, आणि न्यायालयाने वीस वर्षांत जे दिले नाही ते जेसीबी दोन दिवसांत देतो. नोटिशींपैकी पुष्कळ खऱ्या असतात. इमारती खरोखरच पडायला आलेल्या असतात आणि माणसे मरण्यापेक्षा त्या पाडलेल्या बऱ्या. पण वर्षानुवर्षे दुरुस्ती टाळून इमारत पडायला आणणारा आणि ती पडायला आली आहे असा अर्ज करणारा जेव्हा एकच असतो, तेव्हा उशिराचा सगळा फायदा त्याच्या पदरात जातो. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे की, महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. तो जमिनीवर टिकून राहतो. हा निकाल माहीत असलेला भाडेकरू विरळा. पाडताना कोणाच्या ताब्यात किती चौरस फूट जागा होती याचे मोजमाप करून त्याची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येकाला आधी दिल्याशिवाय इमारतीला हातोडा लावू नये, एवढा नियम नागपूर महापालिकेने काटेकोर पाळला तरी पुढचे निम्मे खटले वाचतील, असा माझा अंदाज आहे. नाहीतर मोकळ्या भूखंडावर उभे राहून ‘माझे दुकान इथे होते’ म्हणणाऱ्याकडे दाखवायला विजेचे बिल तेवढे उरते.

आणि ताबा मिळाल्यानंतरचा एक मुद्दा. मुलाचा दवाखाना काढायचा आहे, मुलगी परत नागपूरला येते आहे, अशा गरजांवर हुकूम होतात. कायदा सांगतो की, मालक महिन्याभरात तिथे आला नाही किंवा वर्षाच्या आत त्याने ती जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरूला ती परत मिळू शकते. पण त्यासाठी अर्ज करायचा तो त्या भाडेकरूने, जो एव्हाना वाठोड्याला किंवा त्याहून लांब राहायला गेलेला असतो आणि ज्याला जुन्या घरी कोणाच्या नावाची पाटी लागली आहे हे पाहायला यायची सवड आणि उमेदही नसते. हा भार त्याच्यावरून काढावा. दरखास्तीचे, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचे, काम ताबा दिल्याबरोबर बंद न करता तेरा महिने उघडे ठेवावे, आणि ज्या बेलिफाने पंचनामा करून कुलूप उघडून दिले त्यालाच मुदतीनंतर पुन्हा त्या पत्त्यावर पाठवून आत कोण राहते, दवाखाना उघडला की तिथे मोबाइलचे दुकान लागले, याचा अहवाल न्यायालयात दाखल करायला लावावा.